जागी राहणारी हार्ड डिस्क

एक्सटर्नल हार्ड डिस्कच्या डब्यात ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या तबकड्या असतात. एक छोटी मोटर त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवते आणि वाचणारे-लिहिणारे हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. कोणी फाइल मागत नसले तरी तबकड्या फिरतच राहतात, कारण पुढची मागणी केव्हा येईल याचा डिस्कला पत्ता नसतो. बराच वेळ मागणी आली नाही तर हेड कडेला नेऊन ठेवायचे आणि मोटर बंद करायची, यालाच डिस्क झोपवणे म्हणतात. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये त्यासाठी २० मिनिटांची मुदत आधीच घातलेली असते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडतात. तो घेणे सोपे आहे, एका ओळीच्या आज्ञेत काम होते. झोपलेल्या डिस्कला झोपू देणे मात्र अवघड, आणि सगळी कटकट तिथेच असते.

सातारा-सांगलीकडे लिनक्स आता नवलाईचा राहिलेला नाही. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ पासून उभ्या असलेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गट मुक्त सॉफ्टवेअरवर कार्यशाळा घेतो. घरात किंवा दुकानात लिनक्स येतो तो बहुधा मागच्या दाराने. विंडोज पेलवेनासा झालेला जुना संगणक उबुंटू किंवा मिंट टाकून कोपऱ्यात ठेवला जातो, नाहीतर तळहाताएवढा रास्पबेरी पाय घेतला जातो. त्याला चार-आठ टीबीची एक्सटर्नल डिस्क लावली की सगळ्यांसाठी फाइलींचे कोठार तयार. लग्नसराईचे व्हिडिओ, सप्टेंबरात कास पठारावर काढलेले फुलांचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनांची चित्रणे, सगळे त्यात जाऊन पडते. हे कोठार चोवीस तास चालू असते, पण डिस्कला खरे काम दिवसातून तास-दीड तासाचेच असते. उरलेला वेळ ती रिकामी फिरते.

रिकामे फिरण्याचा खर्च विजेच्या बिलात शोधला तर फारसा सापडत नाही. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरताना साधारण पाच ते सात वॅट घेते, झोपल्यावर एक वॅटच्या आसपास. पाच वॅट वाचले आणि दिवसाचे २२ तास ती झोपली, तर वर्षाला सुमारे ४० युनिट होतात. अडीच इंची छोट्या डिस्कचा फरक याहूनही कमी. इन्व्हर्टरवर मात्र हिशेब बदलतो. पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे वीज गेली की केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि चार-पाच वॅटच्या रास्पबेरी पायशेजारी सहा वॅटची डिस्क म्हणजे बॅटरीवर पडणारा निम्म्याहून जास्त भार. त्याहून मोठे कारण उष्णतेचे आहे. अनेक एक्सटर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे छापलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत मिरज किंवा जत येथे पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ही अट सकाळी अकरालाच मोडते. पंखा नसलेल्या प्लास्टिकच्या डब्यात फिरणारी मोटर त्या उष्म्यात आपली भर घालते. झोपलेली डिस्क खोलीइतकीच गरम राहते.

झोपलेल्या डिस्कचे हेड तबकडीवरून बाजूला घेतलेले असते, हा आणखी एक फायदा. कोयना परिसरात अधूनमधून हादरे बसतात म्हणून हे महत्त्वाचे, असे कोणी सांगितले तर ते फार मनावर घेऊ नये. त्या हादऱ्यांनी डिस्क बिघडण्याचा संभव नगण्य आहे. धोका आहे तो वायरीत पाय अडकून डबा टेबलावरून खाली येण्याचा. फिरत्या अवस्थेत पडलेली डिस्क आणि थांबलेल्या अवस्थेत पडलेली डिस्क यांच्या नशिबात बराच फरक पडतो.

डिस्कच्या आज्ञावलीत, म्हणजे एटीए या प्रमाणकात, चार अवस्था ठरवलेल्या आहेत. पहिलीत डिस्क काम करत असते. दुसरीत, आयडलमध्ये, ती रिकामी असते पण तबकड्या फिरत असतात. तिसऱ्या स्टँडबाय अवस्थेत मोटर थांबते, पण डिस्क आज्ञा ऐकत असते आणि फाइल मागितली की आपोआप उठते. चौथी स्लीप. तिच्यातून बाहेर यायला डिस्क रिसेट करावी लागते, म्हणून रोजच्या वापरात तिच्या वाटेला जायचे कारण नाही. बोलताना सगळे झोप म्हणत असले तरी हवी असते ती तिसरी अवस्था.

एक्सटर्नल डिस्कच्या बाबतीत मध्ये एक दुभाषा बसलेला असतो. डब्यातली डिस्क साटा पद्धतीने बोलते आणि केबल यूएसबीची असते. या दोहोंमध्ये एक छोटी चिप, म्हणजे ब्रिज, बसवलेली असते. लिनक्स त्या ब्रिजशी स्कझी नावाच्या जुन्या भाषेत बोलतो आणि ब्रिज ते डिस्कला समजावतो. साठवणीच्या आज्ञा सगळेच ब्रिज नीट पोहोचवतात. झोपण्याच्या आज्ञेबद्दल मात्र तसे सांगता येत नाही. काही ब्रिज ती जशीच्या तशी पुढे देतात, काही गिळून टाकतात आणि ‘काम झाले’ असे खोटेच कळवतात. काही कंपन्या डब्यातच स्वतःचे घड्याळ घालून ठेवतात आणि संगणकाला न विचारता ठरावीक मिनिटांनी मोटर बंद करतात. म्हणून एकाच दुकानातून घेतलेल्या दोन डिस्क एकाच संगणकावर वेगवेगळ्या वागतात आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडत नाही.

पहिला प्रयत्न ‘एचडीपार्म’ या साधनाने करायचा. मार्क लॉर्ड यांनी लिहिलेले हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर मिळते. त्याला ‘स्मॉल वाय’ हा पर्याय दिला की डिस्क लगेच झोपायला सांगितली जाते. डब्याला कान लावला तर मोटरचा आवाज उतरत जाताना ऐकू येतो. आवाज थांबला तर ब्रिज प्रामाणिक आहे असे समजावे. मग ‘कॅपिटल एस’ या पर्यायाने मुदत घालायची. तिचे आकडे मात्र विचित्र आहेत. १ ते २४० पर्यंतचा प्रत्येक आकडा पाच सेकंदांचा, म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटे आणि २४० म्हणजे वीस. २४१ पासून हिशेब अर्ध्या तासांचा होतो: २४१ म्हणजे ३० मिनिटे, २४२ म्हणजे एक तास, असे २५१ पर्यंत. शून्य म्हणजे मुदतच नाही. तीस मिनिटांसाठी ३० लिहिणाऱ्याची डिस्क अडीच मिनिटांत झोपते आणि तो दिवसभर तिला दोष देत राहतो.

मुदत घालूनही डिस्क झोपत नसेल तर ‘कॅपिटल बी’ हा पर्याय पाहावा. तो डिस्कच्या अंगच्या ऊर्जाव्यवस्थापनाचा आहे. १२७ पर्यंतचे आकडे मोटर थांबवू देतात, १२८ ते २५४ थांबवू देत नाहीत. काही डिस्क हा आकडा १२८ च्या खाली आणल्याशिवाय मुदतीकडे लक्षच देत नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची धास्ती असेल तर ग्नोमच्या ‘डिस्क्स’ या खिडकीत ड्राइव्ह सेटिंग्ज उघडून हीच कामे सरकपट्टीने करता येतात. आतले यंत्र तेच.

ब्रिज ऐकतच नसेल, तर संगणकानेच घड्याळ लावून बसायचे. ‘एचडी-आयडल’ हा छोटा कार्यक्रम यासाठीच आहे. डिस्कवर किती वाचले-लिहिले गेले याची मोजणी लिनक्सचा गाभा सतत ठेवत असतो. हा कार्यक्रम ती थोड्या थोड्या वेळाने पाहतो आणि आकडा दहा मिनिटे हलला नाही की डिस्कला थांबण्याची स्कझी आज्ञा देतो. दहा मिनिटे ही त्याची मूळ मुदत आहे, ती बदलता येते. एटीएची आज्ञा गिळणारे बरेच ब्रिज ही स्कझीची आज्ञा मात्र मुकाट्याने पाळतात, कारण ती त्यांच्याच भाषेतली असते. हीच आज्ञा एकदाच, हाताने द्यायची असेल तर ‘एसडीपार्म’ आहे. खरे तर एक्सटर्नल डिस्कसाठी सुरुवातच एचडी-आयडलने केली तर निम्मा वेळ वाचतो.

इथपर्यंत आलेली बहुतेक माणसे दुसऱ्या दिवशी पाहतात तर डिस्क पुन्हा फिरत असते. आज्ञा चुकलेली नसते. कोणीतरी डिस्कला हाक मारलेली असते.

पहिला संशय फाइल सिस्टिम जोडलेली असण्यावर घेतला जातो. तो चुकीचा आहे. डिस्क माउंट केलेली आहे एवढ्याने ती जागत नाही. लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम दर पाच सेकंदांनी नोंदवही पुरी करते हे खरे, पण लिहायला काही असेल तरच. लिहायला काय असते, हा प्रश्न विचारला की खरे कारण हाती लागते. फाइल नुसती वाचली तरी ती शेवटची केव्हा वाचली याची वेळ डिस्कवर लिहिण्याची जुनी पद्धत आहे. २००९ साली आलेल्या २.६.३० या गाभ्यापासून लिनक्सने तिला लगाम घातला: जी फाइल बदललेली नाही, तिची ही वेळ फार तर चोवीस तासांत एकदा लिहिली जाते. तरी गंमत उरतेच. फाइल आधीच रॅममध्ये असेल तर ती वाचायला डिस्क उठवायची गरज नसते, पण वाचल्याची वेळ लिहायला ती उठवली जाते. माउंट करताना ‘नो-ए-टाइम’ हा पर्याय दिला की हा प्रकार संपतो. फोटो-व्हिडिओच्या डिस्कवर तो न देण्याचे कारण दिसत नाही.

यापुढचे संशयित म्हणजे पार्श्वभूमीला चालणारी कामे. फाइलींची यादी करून ठेवणारे ‘अपडेट-डीबी’ दिवसातून एकदा सगळी झाडाझडती घेते. उबुंटूत त्याने टाळायच्या जागांच्या यादीत ‘मीडिया’ हे फोल्डर असते, म्हणून आपोआप जोडली गेलेली डिस्क सुटते. तीच डिस्क कोणी कायमची म्हणून ‘एमएनटी’ किंवा ‘एसआरव्ही’ खाली जोडली, की रोज एकदा साद्यंत चाळली जाते. त्या यादीत एक ओळ वाढवली की प्रश्न मिटतो. डेस्कटॉपचे शोधयंत्र, ग्नोममध्ये ट्रॅकर आणि केडीईमध्ये बालू, हेही असेच उत्साही. टीव्हीवर सिनेमे दाखवणारे माध्यम-सर्व्हर नव्या फाइली आल्या का ते पाहायला ठरावीक वेळाने पूर्ण संग्रह धुंडाळतात.

डिस्कची तब्येत तपासणारा ‘स्मार्ट-डी’ हा सगळ्यांत विनोदी गुन्हेगार. तो दर अर्ध्या तासाने डिस्क ठीक आहे का विचारतो आणि त्या विचारण्यानेच ती उठते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘डिस्क स्टँडबायमध्ये असेल तर विचारू नको’ असे सांगण्याची सोय आहे. ती वापरावी, तपासणी बंद करू नये. जागी आहे का एवढेच पाहायचे असेल तेव्हाही ‘स्मार्ट-कंट्रोल’ या आज्ञेला हाच पर्याय द्यावा, नाहीतर पाहणारा स्वतःच तिला उठवतो. ‘एचडीपार्म’चा ‘कॅपिटल सी’ हाही अवस्था सांगतो, पण ब्रिज आडवा आला तर उत्तर ‘अज्ञात’ असे येते.

नवीकोरी डिस्क ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट केली असेल तर पहिले काही तास तिला झोपवायचा प्रयत्नच करू नये. फॉरमॅट मिनिटभरात संपल्यासारखे दिसते, कारण उरलेली मांडामांड गाभा मागाहून सावकाश करतो. मोठ्या डिस्कवर हे काम बराच वेळ चालते आणि तोवर डब्यावरचा दिवा लुकलुकत राहतो. तो बिघाड नव्हे.

हाक मारणारा कोण हे अंदाजाने शोधण्याऐवजी पकडता येते. कोणती फाइल कोणत्या कार्यक्रमाने उघडून ठेवली आहे ते ‘एलएसओएफ’ सांगते. ‘फॅट्रेस’ चालू ठेवले तर त्या डिस्कवरची कोणतीही फाइल उघडताच, वाचताच किंवा लिहिताच कार्यक्रमाच्या नावासह ओळ उमटते. ते रात्रभर चालवावे, पण नोंद दुसऱ्या डिस्कवर लिहावी. त्याच डिस्कवर लिहिली तर गुन्हेगार म्हणून फॅट्रेसचेच नाव येईल. सकाळी हाती लागलेल्या यादीत बहुधा एक किंवा दोनच नावे पुन्हा पुन्हा दिसतात.

लहानसहान, पण सारख्या लागणाऱ्या फाइली मोठ्या डिस्कवर ठेवणे हे जागरणाचे आणखी एक कारण. वाईतून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांचा नुसता मजकूर घेतला तर, ढोबळ हिशेबाने, एका जीबीच्या आत बसेल. एका लग्नाचे चित्रण सहज शंभर जीबी घेते. मजकूर, हिशेब, पत्रे अशी रोज चाळली जाणारी सामग्री संगणकाच्या आतल्या एसएसडीवर ठेवावी आणि एक्सटर्नल डिस्कवर फक्त वजनदार, क्वचित लागणारा माल. एसएसडीत मोटर नसते, त्यामुळे तिला झोपवण्याचा हा खटाटोपही नसतो.

मुदत किती ठेवावी, यावर उत्साहाच्या भरात चूक होते. मोटर सुरू होताना तिला सर्वांत जास्त ताण पडतो, आणि हेड बाहेर-आत नेण्याचीही मर्यादा असते. हेडच्या अशा ये-जा ३ लाख किंवा ६ लाख वेळा सोसतील असे कंपन्या लिहितात. दर अर्ध्या मिनिटाला एक अशी ये-जा झाली तर दिवसाला २,८८० होतात आणि ३ लाखांचा आकडा १०४ दिवसांत गाठला जातो. ही काल्पनिक भीती नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका वीज वाचवणाऱ्या डिस्कमालिकेत हेड आठ सेकंदांतच बाजूला घेतले जाई आणि लिनक्स वापरणाऱ्यांच्या डिस्कवर हा आकडा झपाट्याने चढत असे. मोटर थांबण्या-सुरू होण्याची मर्यादा डेस्कटॉप संगणकांच्या जुन्या डिस्कच्या पत्रकांत ५० हजार अशी असे. दर दहा मिनिटांनी झोपणे-उठणे म्हणजे दिवसाला १४४ वेळा, आणि ५० हजार वर्षभरातच संपतात. दिवसातून दहा वेळा उठणारी डिस्क याच हिशेबाने तेरा वर्षांहून जास्त चालेल. घरगुती कोठाराला वीस ते तीस मिनिटे ही मुदत योग्य. हे दोन्ही आकडे डिस्कच्या तब्येतीच्या, म्हणजे स्मार्टच्या, तक्त्यात ४ आणि १९३ या क्रमांकांच्या ओळींत दिसतात. आठवड्याच्या अंतराने दोनदा पाहिले की मुदत जास्त आखूड झाली का ते कळते.

काही डिस्क झोपवूच नयेत. सीसीटीव्ही, हवामानाची नोंद, अशा ठिकाणी दर काही सेकंदांनी माहिती येत राहते. तिथे डिस्क झोपली तरी पुढच्याच क्षणी उठवली जाईल. नोंद अखंड हवी पण डिस्कला विश्रांतीही द्यायची असेल, तर माहिती आधी एसएसडीवर साठवून दिवसातून दोन-चारदा एकदम हलवावी.

झोपलेली डिस्क उठायला पाच ते दहा सेकंद घेते. तेवढा वेळ फाइलींची खिडकी गोठल्यासारखी दिसते. नेटवर्कवरून व्हिडिओ उघडणारा टीव्ही कधी कधी धीर सोडून ‘फाइल नाही’ म्हणतो, दुसऱ्यांदा दाबले की चालतो. उठताना वीजही जास्त लागते. अडीच इंची डिस्क त्या क्षणी एक अँपियरच्या आसपास ओढते, तर यूएसबी २ चे पोर्ट ५०० आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपियर देण्यास बांधलेले असते. रास्पबेरी पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपियरच मिळतात. दोन डिस्क एकदम उठल्या की एक गळून पडते आणि दोष झोपेच्या आज्ञेला दिला जातो. स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब किंवा साडेतीन इंची डिस्क घेतली की हा त्रास होत नाही.

केलेली व्यवस्था टिकवणे हे शेवटचे काम. एचडीपार्मने घातलेली मुदत डिस्कची वीज गेली की बहुधा पुसली जाते, आणि वीज जाणे इकडे अपवादाचे नाही. शिवाय आज ‘एसडीबी’ या नावाने दिसणारी डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लागला तर ‘एसडीसी’ होते. म्हणून सेटिंग लिहिताना ‘बाय-आयडी’ या यादीतले, डिस्कच्या अनुक्रमांकासह असलेले लांबलचक नाव वापरावे. डेबियन-उबुंटूत एचडीपार्मची स्वतःची सेटिंग-फाइल आहे. इतरत्र ‘युडेव्ह’चा नियम लिहून डिस्क लागताक्षणी मुदत घालता येते. एचडी-आयडल ही सेवा म्हणून चालू ठेवली असेल तर यातले बरेच काही लागत नाही, कारण ती दर वेळी नव्याने पाहते.

झोपलेल्या डिस्कला संगणकापासून सुटी झालेली समजणे ही मात्र घोडचूक. झोपेतही ती माउंट केलेली असते. व्हायरस, चुकीची डिलीट, विजेचा झटका, पाणी, यांतून ती वाचत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तळमजल्यावरच्या टेबलाखाली निजलेली बॅकअप डिस्क अशा वेळी टेबलाबरोबरच जाते. बॅकअपची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, काम झाल्यावर काढून, वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी ठेवायची असते. काढताना आधी अनमाउंट करावे, मग ‘युडिस्क्स-कंट्रोल’ या साधनाला पॉवर-ऑफ सांगावे. लिहायचे राहिलेले सगळे लिहिले जाते, हेड बाजूला जाते, मोटर थांबते आणि डिस्क यंत्रणेतून निघून जाते. दिवा विझला की केबल ओढायला हरकत नाही. पुन्हा वापरायची असेल तर केबल काढून परत लावावी लागते, नुसत्या क्लिकने ती येत नाही.